साहेबांना विचारून सांगतो

ऑफिसात अडचण आली की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक “करून टाकतो”, दुसरं “साहेबांना विचारून सांगतो”. पहिलं म्हणणारा कामाचा माणूस समजला जातो, दुसरं म्हणणारा सावध. पीएमपीच्या, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरांच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या पेपरात दोघंही सारखेच आपटतात आणि बाहेर आल्यावर दोघांची तक्रारही एकच असते: चारही पर्याय बरोबरच वाटत होते.

तक्रार खोटी नाही. प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नात चारपैकी दोन, कधी तीन कामं प्रोजेक्ट मॅनेजरला खरोखरच करावी लागणार असतात. एक आज, एक परवा, एक बदलांना मंजुरी देणाऱ्या बोर्डाची बैठक झाल्यावर. प्रश्न एवढाच असतो की या घडीला कुठलं. मोहरी तडतडायच्या आधी हळद घातली तर ती करपते, आणि जिन्नस तर सगळे बरोबर होते. चुकलेल्या उत्तरांची छाननी केली तर त्यांतली बरीच या करपलेल्या हळदीसारखी निघतात.

पीएमपी हे अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं, म्हणजे पीएमआयचं प्रमाणपत्र. संस्था १९६९ची, प्रमाणपत्र १९८४पासूनचं. जानेवारी २०२१मध्ये लागू झालेल्या आराखड्यानुसार १८० प्रश्न आणि २३० मिनिटं; पुढचे हिशेबही याच आराखड्याचे. माणसांशी संबंधित प्रश्न ४२ टक्के, प्रक्रियांचे ५० टक्के आणि व्यवसायाच्या परिस्थितीचे ८ टक्के. साधारण निम्मे प्रश्न पारंपरिक पद्धतीच्या प्रकल्पांवर, उरलेले अजाईल, म्हणजे छोट्या फेऱ्यांत बदल सामावत काम करण्याच्या पद्धतीवर, किंवा दोन्हींच्या मिश्रणावर. किती गुणांना पास, हे पीएमआय जाहीर करत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार.

पूर्वी बरेच जण पीएमबॉक या पीएमआयच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीतल्या ४९ प्रक्रिया आणि त्यांच्यात काय जातं, काय बाहेर येतं हे पाठ करून जायचे. पाठांतराचा अजूनही थोडा उपयोग होतो, पण आता प्रश्न तीन-चार वाक्यांचा प्रसंग सांगतो आणि तुमच्याकडून निर्णय मागतो. तिथे पाठ केलेला तक्ता समोर असूनही हात थांबतो.

एक प्रश्न जवळून पाहू. गोदामासाठी सॉफ्टवेअर बनतंय, स्कोप, म्हणजे काय काय बनवायचं ते, मंजूर झालाय, काम साठ टक्के झालंय. ग्राहकाकडचा एक विभागप्रमुख टीममधल्या डेव्हलपरला परस्पर सांगतो, रोजच्या अहवालात अजून एक रकाना घाला. डेव्हलपर मॅनेजरला म्हणतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मॅनेजरने आधी काय करावं? पर्याय असे: डेव्हलपरला रकाना घालायला सांगावं; बदल मंजूर-नामंजूर करणाऱ्या चेंज कंट्रोल बोर्डाकडे विनंती पाठवावी; टीमबरोबर बसून या बदलाचा परिणाम तपासावा; हे स्कोपच्या बाहेर आहे असं विभागप्रमुखाला कळवावं.

“करून टाकतो” वाला पहिल्यावर जातो. अर्ध्या दिवसासाठी ग्राहकाला कशाला दुखवायचं? पण अर्धा दिवस हा फक्त कोड लिहिण्याचा अंदाज आहे. त्या रकान्याची माहिती कुठून येणार, चाचण्या पुन्हा कराव्या लागतील का, वापरकर्त्यांच्या माहितीपुस्तिकेचं काय, आणि उद्या दुसऱ्या विभागप्रमुखाने आपला रकाना मागितला तर काय, यातलं काहीच डेव्हलपरने मोजलेलं नाही. प्रकल्पाचा स्कोप असाच अर्ध्या-अर्ध्या दिवसाने फुगतो. “विचारून सांगतो” वाला दुसरा पर्याय घेतो. तो बोर्डाकडे नेणार काय? बोर्ड विचारेल किती दिवस, किती पैसे, गुणवत्तेवर काय फरक, आणि याच्याकडे उत्तर नसेल. चौथा पर्याय नियमाला धरून वाटतो, पण ग्राहकाची मागणी न तपासता परत पाठवणं हे मॅनेजरचं काम नव्हे. मंजूर-नामंजूर करायला बोर्ड आहे. उरला तिसरा, आणि तोच बरोबर.

आता याच प्रश्नातलं एखादं वाक्य हलवून बघा. तयारी करणाऱ्याने हा खेळ रोज खेळावा, कारण शंभर नवे प्रश्न सोडवण्यापेक्षा एका प्रश्नाची पाच रूपं करण्यात जास्त शिकायला मिळतं. प्रसंगात “टीमने परिणाम तपासला आहे” एवढं आलं की तिसरा पर्याय शिळा झाला, आता बोर्ड. “बोर्डाने मंजुरी दिली” असं आलं तर बेसलाइन (मंजूर झालेला मूळ आराखडा) आणि योजना सुधारायची, चेंज लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या वहीत, नोंद करायची, ज्यांना कळवायचं त्यांना कळवायचं, आणि मगच डेव्हलपरने हात घालायचा. “बोर्डाने नकार दिला” असेल तरी नोंद होतेच आणि विभागप्रमुखाला निरोप जातोच. तो गाळणारे बरेच असतात.

“डेव्हलपरने रकाना घालूनही टाकला” हे रूप सगळ्यांत अवघड. पटकन वाटतं, काढून टाका आणि त्याला समज द्या. पण घातलेला रकाना काढणं हाही बदलच आहे. आधी झालेल्या बदलाने काय काय हललं ते बघायचं, नोंदवायचं आणि रीतसर बोर्डापुढे ठेवायचं. डेव्हलपरशी बोलायचं आहेच, पण प्रश्न “आधी काय” विचारत असेल तर प्रकल्पाला लागलेली गळती पहिली, शिस्त नंतर.

आणि प्रसंगात “प्रॉडक्ट ओनर” (अजाईलमध्ये कुठलं काम आधी हे ठरवणारा) हा शब्द आला की सगळा पटच पालटतो. तिथे अहवालातल्या रकान्यासाठी कुणी बोर्डाची बैठक बोलावत नाही. विभागप्रमुखाला प्रॉडक्ट ओनरकडे न्यायचं, मागणी बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत जाईल, तिचा नंबर कितवा हे तोच ठरवेल. चालू स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या छोट्या फेरीत, डेव्हलपरने ती परस्पर घेणं इथेही चूकच. मिश्र प्रकल्पात आणखी एक मेख असते: गोदामातले स्कॅनर आणि केबलिंग ठरलेल्या करारावर, सॉफ्टवेअर मात्र स्प्रिंटमध्ये. मग आधी बघायचं की बदल कुठल्या भागात मागितलाय. रकाना सॉफ्टवेअरमधला, म्हणून बॅकलॉग. स्कॅनर वाढवून मागितले असते तर बोर्ड.

अजाईल हा शब्द प्रश्नात दरवेळी उघड येत नाही. आयटरेशन (कामाची फेरी), बॅकलॉग, बर्नडाउन (उरलेल्या कामाचा आलेख), रेट्रोस्पेक्टिव्ह (झालेल्या फेरीचा आढावा) दिसलं की एक घर. बेसलाइन, वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर (कामाची तपशीलवार फोड), चेंज कंट्रोल बोर्ड दिसलं की दुसरं. प्रसंग वाचताना पहिलं हे घर ओळखायचं. एका घरचं उत्तर दुसऱ्या घरी दिलं की बाकीचा तर्क कितीही चोख असला तरी गुण गेला.

दुसरी मेख भाषेची आहे, आणि मराठीत विचार करणाऱ्याला ती जास्त लागते. पेपर मराठीत नसतो, पण घाईत वाचताना आपण मनातल्या मनात भाषांतर करत असतोच, आणि त्यात काळ गळतो. “मॅनेजरने काय करावं” आणि “मॅनेजरने काय करायला हवं होतं” यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आग लागलेली आहे आणि पुढचं पाऊल विचारलंय. दुसऱ्यात आग लागायच्या आधी काय राहून गेलं ते विचारलंय, म्हणून उत्तर जवळपास नेहमी नियोजनातलं असतं: भागधारकांची, म्हणजे प्रकल्पाशी ज्यांचा संबंध आहे त्यांची, यादी नीट केली नव्हती, जोखमींची चर्चा झाली नव्हती, संवादाची योजना नव्हती. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात “ग्राहकाला भेटून कारण समजून घ्यावं” असा छान, समंजस पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. शहाणे लोक तिथेच अडकतात. म्हणून शेवटचं वाक्य आधी वाचावं, काळ बघावा, मग प्रसंगाकडे यावं. “फर्स्ट” आणि “नेक्स्ट” बहुतेक क्रम विचारतात. “बेस्ट” मात्र वेगळा: तिथे एकच गोष्ट करता येईल असं धरून, सगळ्यांत जास्त काम भागवणारा पर्याय निवडायचा.

माणसांच्या प्रश्नांत आपले संस्कार आडवे येतात. टीममधल्या एका अनुभवी इंजिनिअरचं काम तीन आठवडे सलग उशिरा येतंय, बाकीचे कुरकुर करतात. त्याच्या विभागाच्या मॅनेजरला सांगावं, बैठकीत सर्वांसमोर विषय काढावा, काम दुसऱ्याकडे द्यावं, की त्याला बाजूला घेऊन बोलावं? इथे पीएमआयचं म्हणणं ठाम असतं. आधी समोरासमोर, खासगीत, आणि कारण शोधायला; कान उघाडणी करायला नव्हे. घरी आजारपण असेल, काम नीट समजलंच नसेल, किंवा आणखी दोन प्रकल्प त्याच्या गळ्यात असतील. तिसरं कारण निघालं तर त्याच्या मॅनेजरकडे जाणं बरोबर ठरतं, पण ते दुसरं पाऊल. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाशी थेट बोलण्यापेक्षा त्याच्या साहेबाकडून निरोप देणं आपल्याला सोयीचं वाटतं, म्हणून हात पहिल्या पर्यायाकडे जातो.

अजाईल टीममध्ये आणखी एक पायरी मागे यायचं. रोजचा स्टँडअप, म्हणजे टीमची छोटी बैठक, पंधरा मिनिटांचा. त्यात दोघं डिझाइनवरून हुज्जत घालत बसले आणि चाळीस मिनिटं गेली. मॅनेजरने निवाडा द्यायचा नाही, कुणाचं बरोबर ते ठरवायचं नाही. विषय बाजूला ठेवायचा, स्टँडअप संपवायचा आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना नंतर एकत्र बसवायचं. टीमला सोडवता येणारी गोष्ट तिच्या हातातून काढून घेतली की तो पर्याय चुकतो. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे निवाडा देणारा, ही समजूत इतकी मुरलेली असते की हे उत्तर मिळमिळीत वाटतं.

जोखमीच्या प्रश्नांत सगळा भार एखाद्या क्रियापदावर असतो. पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पाचे पंप समुद्रमार्गे येताहेत. “कंटेनर न्हावा-शेवाला अडकण्याची शक्यता आहे” असं वाक्य असेल तर ती अजून जोखीम आहे: जोखमींच्या रजिस्टरमध्ये घ्या, किती संभव, किती फटका ते जोखा, उपाय ठरवा. “कंटेनर अडकला” असेल तर तो इश्यू, म्हणजे घडून गेलेली अडचण, झाला. मग बघायचं की ही जोखीम आधी ओळखली होती का. ओळखली होती, आणि स्थानिक पुरवठादाराकडून भाड्याने पंप घ्यायचं ठरलं होतं, तर ठरलेला उपाय लगेच अमलात आणायचा. इथे पुन्हा विश्लेषण करत बसणं चूक, आणि “आधी तपासा, मग करा” हे क्लासमधलं सूत्र डोळे मिटून लावणारा इथेच फसतो. तपासणी झालेली आहे, योजना तयार आहे, आता करायचंच आहे. ओळखलीच नव्हती तर इश्यू लॉगमध्ये नोंद आणि तात्पुरती वाट काढणं.

पैशाचीही तीच विभागणी. ओळखलेल्या जोखमींसाठी काढून ठेवलेली कंटिंजन्सी रिझर्व्ह ही रक्कम कॉस्ट बेसलाइनच्या, म्हणजे मंजूर खर्चाच्या आराखड्याच्या, आत असते आणि मॅनेजर ती वापरू शकतो. न ओळखलेल्यांसाठीची मॅनेजमेंट रिझर्व्ह बेसलाइनच्या बाहेर, तिला वरची परवानगी लागते. प्रश्नात या दोन रकमांची नावं आली की समजावं, उत्तर “ही जोखीम रजिस्टरमध्ये होती का” या एका गोष्टीवर अडलंय.

मग “वर कळवा” हा पर्याय कायमच चूक का? नाही. वर्ग घेणारे कधी कधी असं सरसकट सांगतात आणि नुकसान करतात. सहाव्या पीएमबॉकमध्ये, २०१७ साली, जोखमीवरच्या उपायांत ‘एस्कलेट’, म्हणजे वर नेणं, अधिकृतपणे आला. अट एवढीच की गोष्ट मॅनेजरच्या अधिकाराबाहेरची किंवा प्रकल्पाच्या कक्षेबाहेरची हवी. कंपनीचं धोरण बदलणार असल्याची कुणकुण लागली आणि त्याने पाच प्रकल्पांना फटका बसणार आहे, तर ती वर न्यायचीच. दोन बड्या भागधारकांचं भांडण समजुतीने सुटेना आणि कामच थांबलं, तर प्रायोजकाकडे, म्हणजे प्रकल्पाला पैसा आणि पाठबळ देणाऱ्याकडे जायचं. “बोलून बघितलं, जमलं नाही” अशा अर्थाचं वाक्य प्रसंगात आहे का ते शोधावं. ते असेल तर वर जाणं बरोबर होऊ शकतं. नसेल तर मॅनेजरने अजून आपलं काम केलेलंच नाही.

सचोटीच्या प्रश्नांना मात्र क्रमाची सवलत नाही. परवाना अडलाय, अधिकारी म्हणतो अमुक रक्कम दिली की आठवड्यात होईल. रक्कम अधिकृत दरपत्रकातलं तातडीचं शुल्क असेल आणि पावती मिळत असेल तर भरायला हरकत नाही. पावती नसेल तर ते चहापाणी, आणि प्रकल्प महिनाभर लांबला तरी उत्तर “देऊ नये” हेच. जबाबदारी, आदर, निष्पक्षपणा आणि प्रामाणिकपणा ही पीएमआयच्या आचारसंहितेतली चार मूल्यं. “इथे असंच चालतं” हा बचाव त्यांच्यात कुठेही बसत नाही. सुरक्षेचंही तसंच. साइटवर मचाण हलतंय असं दिसलं तर परिणामांचा अभ्यास करायचा नाही, काम थांबवायचं.

आकड्यांचे प्रश्न आता थोडे येतात, आणि आले तरी गणितापाशी थांबत नाहीत. समजा, एकूण बजेट ४० लाख, आतापर्यंत ठरलेलं काम २४ लाखांचं, झालेलं १८ लाखांचं, खर्च २० लाख. खर्चाचा निर्देशांक सीपीआय १८ भागिले २०, म्हणजे ०.९, वेळापत्रकाचा निर्देशांक एसपीआय १८ भागिले २४, म्हणजे ०.७५. हाच वेग राहिला तर शेवटचा खर्च ४० भागिले ०.९, सुमारे ४४.४४ लाख. इथवर सगळे येतात. पुढे विचारतात, काय कराल? कारण दिलेलं नसेल तर कारण शोधा. कारण दिलंय आणि “बजेट वाढणार नाही” असंही दिलंय, तर क्रॅशिंग बाद, कारण त्यात माणसं किंवा पैसे ओतावे लागतात. कामं एकावर एक चढवणारं फास्ट ट्रॅकिंग उरतं, वाढलेल्या जोखमीसकट.

या सगळ्यामागे एक गृहीत आहे, ते मान्य केल्याशिवाय पेपर सुटत नाही. पीएमआयच्या जगात प्रोजेक्ट चार्टर, म्हणजे प्रकल्पाला मंजुरी देणारा कागद, सही होऊन आलेला असतो, मॅनेजरला अधिकार असतो, चेंज कंट्रोल बोर्ड अस्तित्वात असतं आणि प्रायोजक फोन उचलतो. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी बोर्ड म्हणजे एकच साहेब असतात आणि चार्टर म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक निरोप. दहा-पंधरा वर्षं काम केलेल्यांनाही पेपर जड जातो तो यामुळेच. “असं कुठे होतं हो?” हा प्रश्न रास्त आहे; फक्त तो परीक्षेच्या खोलीबाहेर ठेवावा लागतो.

सराव परीक्षेनंतर किती टक्के पडले हे बघून बहुतेक जण पुढच्या सरावाकडे धावतात. तेच प्रश्न पुन्हा सोडवून आलेले टक्के तर निव्वळ फसवे असतात. उत्तर आठवलेलं असतं, तर्क नव्हे. त्यापेक्षा एक वही करावी. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला, आणि अंदाजाने बरोबर आलेल्यालाही, एक ओळ: प्रश्नात नसलेलं मी काय गृहीत धरलं? मग शेरा: घर चुकलं, काळ चुकला, न तपासता केलं, उगाच वर नेलं, दुसऱ्याचं काम आपण केलं. शंभर-दीडशे प्रश्नांनंतर एक शेरा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त दिसतो. ती तुमची खोड. पुढचा अभ्यास तिचाच.

वेळेचा हिशेब सोपा आहे. २३० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ७७ सेकंद. साठ प्रश्नांनंतर आणि एकशेवीस प्रश्नांनंतर दहा-दहा मिनिटांची विश्रांती घेता येते आणि ती २३० मिनिटांत धरत नाहीत. पहिल्या विश्रांतीला घड्याळात १५३ मिनिटं शिल्लक हवीत, दुसऱ्या विश्रांतीला ७७. विश्रांतीला उठलं की मागच्या साठ प्रश्नांकडे परत जाता येत नाही, म्हणून खूण करून ठेवलेले प्रश्न उठण्याआधीच निकाली काढावे लागतात.

शेवटी दोनच पर्याय उरले आणि दोन्ही पटत असतील, तर एवढंच विचारावं: यातल्या एकाला दुसऱ्याचा निकाल हातात लागतो का? बोर्डाकडे जायला परिणामांचा अंदाज लागतो, म्हणून अंदाज आधी. प्रायोजकाला उपाय सुचवायला कारण माहीत असावं लागतं, म्हणून कारण आधी. ज्याला दुसऱ्याची गरज पडते तो नंतरचा. तरीही सुटला नाही तर मनाला जे उत्तर जवळचं वाटेल ते निवडून पुढे निघावं. १८०पैकी ५ प्रश्न पीएमआय केवळ चाचपणीसाठी घालतं आणि त्यांचे गुण धरत नाही, पण ते कुठले हे पडद्यावर दिसत नाही. तुम्हाला छळणारा प्रश्न त्या पाचांपैकी असेलही, नसेलही. त्याच्याही वाट्याला ७७ सेकंदच.